पहिला किलोवॅट आणि तिसरा किलोवॅट

महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांचा टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटचा भाव जवळजवळ दुप्पट होतो. २०२४-२५च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे वीज आकार होता. १०१ ते ३०० युनिटांना तो १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० युनिटांना १४ रुपये ५५ पैसे आणि त्याच्या वर १६ रुपये ६४ पैसे होता. प्रत्येक युनिटवर १ रुपया १७ पैसे वहन आकार वेगळा, आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. त्यानंतर या आकड्यांत फेरफार झाले, पुढेही होत राहतील. पण खालची पायरी स्वस्त आणि वरची महाग ही उतरंड तशीच आहे. गच्चीवर सोलर बसवायला निघालेल्या कुटुंबाने सर्वांत आधी ही उतरंड समजून घेतली पाहिजे. प्रत्यक्षात विचार वेगळ्याच दोन प्रश्नांभोवती फिरत राहतो: गच्चीवर किती पॅनेल मावतील, आणि बिल शून्य होईल का. हे दोन्ही प्रश्न ग्राहकाला गरजेपेक्षा मोठा संच घ्यायला लावतात, असे मला वाटते. बिलातली महागडी युनिट आधी कापली जातील एवढाच संच घ्यावा आणि उरलेला पैसा वीज कमी लागेल अशा वस्तूंत घालावा, हे बहुतेक मध्यमवर्गीय घरांना जास्त परवडते. ते का, हे हिशेब मांडल्यावर स्पष्ट होते.

महिन्याला ३०० युनिट वापरणारे घर घेऊ. चार माणसे, फ्रिज, चार पंखे, सकाळी गीझर, उन्हाळ्यात कूलर. पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत अशी घरे सर्रास आहेत. वरच्या दरांनी पहिल्या १०० युनिटांचे वहन आकारासह ५८८ रुपये होतात आणि पुढच्या २०० युनिटांचे २,२९२. वापराचे दोन तृतीयांश युनिट बिलाचा चार पंचमांश भाग खातात. आता सूर्याकडे पाहू. महाराष्ट्रात सावली न पडणाऱ्या जागी १ किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतो, म्हणजे महिन्याला १२०. पहिल्या किलोवॅटची ही सगळी १२० युनिट साडेअकरा रुपयांच्या पायरीवरून कमी होतात. वीज शुल्क धरून महिन्याला जवळपास १,६०० रुपये वाचतात. दुसऱ्या किलोवॅटची ८० युनिट त्याच पायरीवरून जातात आणि ४० खालच्या स्वस्त पायरीवरून, त्यामुळे त्याची बचत १,३३६ रुपयांवर येते. तिसऱ्या किलोवॅटला मात्र कापायला उरतात ती फक्त ६० स्वस्त युनिट. त्याची बचत ४०९ रुपये, आणि त्याने तयार केलेली निम्मी वीज त्या घराला लागतच नाही. गच्ची तीच, ऊन तेच, पॅनेलही त्याच बनावटीचे. पण तिसरा किलोवॅट पहिल्याच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढे पैसे वाचवतो. गोव्यात तर घरगुती वीजदर महाराष्ट्राच्या मानाने पुष्कळ कमी आहेत. तिथे पहिला किलोवॅटही इतक्या लवकर पैसे परत करत नाही.

सरकारी अनुदानाची रचनाही याच उतरंडीला धरून आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’त पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. संच तीनचा असो की दहाचा, घरगुती ग्राहकाला ७८,००० रुपयांवर अनुदान मिळत नाही. देशभरात एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटींची तरतूद असलेली ही योजना आहे; अनुदानासाठी पॅनेल भारतीय बनावटीचेच लागते आणि रक्कम संच सुरू झाल्यावर थेट खात्यात जमा होते. दोन किलोवॅटच्या संचाचा बाजारभाव सध्या सव्वा ते दीड लाखाच्या दरम्यान धरला, तर अनुदान वजा जाता ग्राहकाच्या खिशातून ६५ ते ९० हजार जातात. वर सांगितलेल्या घराची या संचातून कागदावर वर्षाला ३५,००० रुपयांची बचत होते. धूळ, ढग आणि अधूनमधूनची बिघाड-दुरुस्ती यासाठी पाच हजार सोडले तरी अडीच-तीन वर्षांत पैसे वसूल होतात. तिसऱ्या किलोवॅटला लागणाऱ्या जादा रकमेची वसुली व्हायला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. पॅनेलची हमी २५ वर्षांची असल्याने तोही व्यवहार तोट्याचा म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच की तेच तीस-चाळीस हजार घरात दुसरीकडे घातले तर जास्त वाचते का. वाचते, आणि ते कसे हे पुढे येईलच.

आधी ‘शून्य बिला’चा प्रश्न. संच कितीही मोठा घेतला तरी स्थिर आकार भरावाच लागतो, तेव्हा अक्षरशः शून्य बिल हे कधीच होत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट वर्षअखेरीच्या हिशेबात आहे. नेट मीटर घराने ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली युनिट वेगवेगळी मोजतो. घेतलेल्यातून दिलेली वजा होतात आणि जास्त दिलेली असतील तर पुढच्या महिन्यात जमा धरली जातात. ही जमा ३१ मार्चपर्यंतच चालते. त्या दिवशी खात्यात उरलेली युनिट वीज कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते आणि हा दर आपण वरच्या पायरीवर मोजतो त्याच्या मानाने फार कमी असतो. आता आपल्याकडचे ऋतू पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे निर्मिती निम्म्यावर येते. नोव्हेंबर ते मार्च आकाश निरभ्र, हवा त्यामानाने थंड, कूलर बंद आणि पंखे कमी. म्हणजे निर्मिती चांगली आणि वापर कमी. गरजेपेक्षा मोठ्या संचाची शिल्लक नेमकी याच महिन्यांत साठते, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात ती कामी येणार एवढ्यात वर्ष संपून खाते कोरे होते. हिशेबाचे वर्ष जूनअखेर संपत असते तर माझे म्हणणे थोडे सैल करावे लागले असते. आहे त्या नियमात जास्तीचे पॅनेल म्हणजे वीज कंपनीला स्वस्तात वीज पुरवण्याची सोय होय.

यावर सगळ्यात सयुक्तिक आक्षेप असा घेतला जातो की वापर वाढतच जाणार आहे. आज तीनशे युनिट आहेत, उद्या एसी येईल, इलेक्ट्रिक स्कूटर येईल, मुलांच्या खोलीत आणखी काही येईल. मग आत्ताच मोठा संच का नको? ज्या घरात एसी किंवा गाडी वर्ष-दोन वर्षांत येणार हे खरोखर ठरले आहे, त्यांनी ती युनिट जरूर धरावीत. रात्री आठ तास चालणारा दीड टनी एसी महिन्याला दोनशेच्या घरात युनिट खातो आणि ती वरच्या दरपत्रकातल्या साडेचौदा रुपयांच्या पायरीवर जाऊन बसतात. तिथे तिसरा किलोवॅट पहिल्याइतकाच मोलाचा होतो. मोघम ‘पुढे लागेल’ म्हणून घेतलेल्या पॅनेलची मात्र दरवर्षी ३१ मार्चला स्वस्तात विक्री होत राहते. शिवाय पॅनेलच्या किमती गेल्या दहा-पंधरा वर्षांत एकंदरीत उतरत आल्या आहेत, आणि सप्टेंबर २०२५मध्ये या साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आगाऊ खरेदी करण्याजोगी ही वस्तू नाही. गच्चीवर दोन पॅनेलची जागा मोकळी ठेवणे आणि सांगाडा तसा आखून घेणे, एवढी तरतूद पुरे.

आता त्या तीस-चाळीस हजारांचे काय करायचे? आपल्या घरात वर्षातले नऊ-दहा महिने पंखे चालतात. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, ब्रशलेस मोटरचा (बीएलडीसी) पंखा ३० वॅटच्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालले तर जुन्यांना महिन्याला १०८ युनिट लागतात आणि नव्यांना ४३. महिन्याला ६५ युनिट वाचतात, म्हणजे अर्ध्या किलोवॅटच्या पॅनेलचे काम झाले, तेही सावली, गच्ची, परवानगी आणि धूळ या कशाचाही त्रास न घेता. चार पंखे दहा-पंधरा हजारांत येतात. जानेवारी २०२३पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचे झाले आहे, त्यामुळे दुकानात उभे राहून तुलना करणे सोपे आहे. गीझरची गोष्ट याहून ठळक आहे. १०० लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साडेतीन युनिट लागतात. पॅनेलवर ही वीज मिळवायची तर गच्चीची साधारण आठ-नऊ चौरस मीटर जागा अडते. सोलर वॉटर हीटर हेच काम दोन चौरस मीटरच्या तबकातून करतो, कारण उन्हाची वीज करण्यापेक्षा उन्हाची उष्णता थेट पाण्याला देणे कितीतरी सोपे आहे. सोलर म्हटले की हल्ली फक्त विजेची पॅनेल डोळ्यांपुढे येतात आणि पुण्या-नाशिकच्या गच्च्यांवर तीस वर्षे इमानाने चाललेले हे साधे यंत्र मागे पडते, याचे मला वाईट वाटते. ज्या घरात रोज सकाळी चार माणसांच्या आंघोळीचे पाणी विजेवर तापते, तिथे पहिली खरेदी हीच असावी.

संच ठरवण्याआधी बिल कसे वाचायचे, तेही सांगून टाकतो. महावितरणच्या बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर दिलेला असतो. त्याची बेरीज करावी. त्यातून पंखे-गीझर बदलून वाचणारी युनिट वजा करावीत, आणि मग महिन्याला १०० याप्रमाणे १,२०० युनिट आणखी वजा करावीत. उरलेल्या आकड्याला १,४५० ने भागले की जेवढे येतील तेवढे किलोवॅट निर्धास्त घ्यावेत. त्यापुढचा प्रत्येक किलोवॅट तोलूनमापून. तीनशे युनिटांच्या घराला वर्षाची २,४०० महाग युनिट कापायची असतात, म्हणजे पावणेदोनच्या आतबाहेर. हल्लीचे एक पॅनेल ५४०-५५० वॅटचे येते, तेव्हा तीन किंवा चार पॅनेलांत काम भागते. त्याच बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. संच त्याहून मोठा घ्यायचा तर मंजूर भारही वाढतो, आणि त्यामुळे स्थिर आकार वाढू शकतो हे मोठा संच विकणारा कोणी आपण होऊन सांगत नाही.

दुसरा आक्षेप सरकारी नियमांवरच्या अविश्वासाचा आहे, आणि तो निराधार नाही. डिसेंबर २०२०मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांनी नेट मीटरिंग १० किलोवॅटपुरते मर्यादित केले. जून २०२१मध्ये तीच मर्यादा ५०० किलोवॅटवर नेली. सहा महिन्यांत एवढा उलटफेर होत असेल तर पंचवीस वर्षांच्या वस्तूवर पैसे कसे लावायचे? जगाचा अनुभवही सावध करणारा आहे. सौरघरांची संख्या प्रचंड वाढल्यावर कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३पासून नव्या ग्राहकांच्या ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने उतरवला. असे वळण आपल्याकडे कधीच येणार नाही, याची खात्री कोणी देऊ नये. पण हा धोका सगळ्यांना सारखा नाही. ज्याची निम्मी वीज दिवसा घरातच खर्च होते त्याला असा नियम थोडासा टोचेल. ज्याने सात-आठ किलोवॅटची पॅनेल लावून रात्रीच्या एसीची बेगमी केली आहे त्याचे गणित पार कोलमडेल. छोटा संच घ्यावा आणि दिवसा चालवण्याजोगी कामे (पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर) दहा ते तीनमध्ये उरकावीत. नियम कसेही बदलले तरी यातली बचत कोणी काढून घेऊ शकत नाही.

‘सोलर आहे, आता लाइट जाणार नाही’ ही समजूत मात्र वेळीच दूर व्हायला हवी. ग्रिडला जोडलेला साधा संच वीज गेली की भर दुपारी, लख्ख उन्हातही बंद पडतो. तो बिघाड नसतो. खांबावर चढून दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून तारेत गेलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसा बनवलेलाच असतो. वीज गेल्यावरही घर चालवायचे तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि त्याने खर्च बराच वाढतो. ज्या गावात रोज चार-सहा तास वीज नसते तिथे हा खर्च योग्य ठरतो. शहरात, महिन्यातून दोन-चारदा तासभर वीज जाते म्हणून बॅटरी घेणाऱ्याचे बिल त्याने कमी होत नाही. घरगुती पवनचक्कीबद्दलही दोन वाक्ये पुरतील. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनात बदलते, वेग निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्शावर येते. म्हणून पवनचक्क्या साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या किंवा धुळ्याच्या ब्राह्मणवेलच्या उघड्या पठारांवर असतात. इमारतींच्या दाटीत घुटमळणाऱ्या वाऱ्यावर बिल कमी करायची आशा धरू नये.

पॅनेल कुठे बसते यावर मात्र थांबून विचार करायला हवा, कारण इथे झालेली चूक पंचवीस वर्षे छळते. पॅनेलमधल्या सौरघटांची आणि एकमेकांना जोडलेल्या पॅनेलांची रांग एकच प्रवाह वाहून नेते. त्यातल्या एकावर सावली पडली तर नुकसान तेवढ्या तुकड्यापुरते राहत नाही, त्याचा फटका साऱ्या रांगेला बसू शकतो. आणि सावली वर्षभर एका जागी नसते. पुण्यात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, पायाशी सावलीही पडत नाही. विकणारा माणूस एप्रिल-मेमध्ये गच्ची पाहून गेला तर त्याला सगळीकडे ऊनच दिसते. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर चढतो. तीन मीटर उंच पाण्याच्या टाकीची सावली तेव्हा दुपारी पावणेतीन मीटर उत्तरेकडे पडते आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास पाच मीटरहून लांब, वायव्येकडे. म्हणून टाकी, जिन्याची खोली, शेजारची इमारत आणि नारळ यांच्या उत्तरेची जागा सोडावी, पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून पंधरा-वीस अंशांच्या उताराने बसवावे, आणि जमल्यास हिवाळ्यातल्या एका दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला गच्चीवर खडूने सावलीच्या कडा आखून घ्याव्यात. मेच्या उन्हाकडूनही फार अपेक्षा धरू नये. पॅनेल तापले की वीज घटते, दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का. पासष्ट अंशांना तापलेले पॅनेल छापील क्षमतेपेक्षा तेरा-चौदा टक्के कमी देते. फेब्रुवारी-मार्चची थंडगार, निरभ्र सकाळ त्याला जास्त मानवते. धुळीचे म्हणाल तर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसले की झाले. फक्त बोअरचे जड पाणी काचेवर पांढरे क्षार सोडते, ते टाळावे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. वरच्या पायरीवरचे ग्राहक जास्त दर देतात म्हणून पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी ठेवता येतो. गच्ची आणि भांडवल असलेली घरे एकामागून एक त्या पायरीवरून उतरली, तर तारा, रोहित्रे आणि वायरमनचे पगार यांचा भार ज्यांच्या डोक्यावर स्वतःचे छतही नीट नाही त्यांच्यावर येणार नाही का? येऊ शकतो. त्यावर सौरऊर्जा नको हे उत्तर होऊ शकत नाही, पण बेसुमार मोठ्या संचांचे समर्थनही त्यामुळे अवघड होते. रात्री सात ते दहा या वेळेत सगळी सौरघरे ग्रिडच्याच भरवशावर असतात, आणि ती वीज सगळ्यात महाग असते. वरची महाग युनिट कापणारे आणि खालची शंभर युनिट ग्रिडकडूनच रीतसर विकत घेणारे घर ही व्यवस्था मोडत नाही. दुसरीकडे, लहान संच गरिबापर्यंत पोचवणेही शक्य आहे. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाली. शंभराच्या आसपास वीजजोडण्यांसाठी तिथे ११२ किलोवॅट बसले, म्हणजे घरामागे एकाहून थोडेसे जास्त. तेवढ्यात गावाची गरज भागली. राज्य सरकारची ‘स्मार्ट’ योजनाही याच वाटेने जाते. दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांना एक किलोवॅटच्या संचासाठी केंद्राच्या ३०,००० रुपयांवर ती आणखी अनुदान देते. ज्या घराला पहिल्या पायरीच्या दरामुळे सोलर सात वर्षांतही परवडले नसते, त्याला ते असे परवडू लागते. माझ्या मते यापुढचा सरकारी पैसा तिसऱ्या किलोवॅटपेक्षा इकडे जास्त वळला पाहिजे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या मनात मघापासून असेल. गच्ची सगळ्यांची, तेव्हा कुणा एकाला तिथे परस्पर आपले पॅनेल लावता येत नाही. पण प्रत्येक सोसायटीत एक मीटर असा असतो ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि ज्याच्यासाठी सोलर सर्वांत किफायतशीर ठरते: लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचा सामाईक मीटर. महावितरणच्या भागात त्याला घरगुतीच दर लागतो आणि त्याच पायऱ्या लागतात. सुरुवातीला दिलेल्या दरांनी महिन्याला २,००० युनिट वापरणाऱ्या सोसायटीची दीड हजार युनिट सर्वांत वरच्या, वहन आकारासह पावणेअठरा रुपयांच्या पायरीवर असतात. १० किलोवॅटचा संच महिन्याला १,२०० युनिट देतो आणि ती सगळीच्या सगळी त्या पायरीवरून कापली जातात. वीज शुल्क धरून महिन्याला २४ हजारांहून जास्त. सामाईक सोयींसाठी अनुदान किलोवॅटला १८,००० रुपये आहे. पाच-साडेपाच लाखांच्या संचातून ते वजा केले की राहिलेली रक्कम दीड वर्षाच्या आत वसूल होते. राज्यातले दुसरे कुठलेही पॅनेल इतक्या लवकर पैसे फेडत असेल असे मला वाटत नाही. तरीही सोसायट्या मागे राहतात, कारण गच्ची गळेल ही भीती, वर्गणीवरून होणारे वाद, आणि निर्णय घेणारे पंचवीस-पन्नास लोक.

वर्गणीचा वाद टाळता येतो: बँका यासाठी कर्ज देतात आणि वरच्या हिशेबाने हप्ता बचतीतूनच फिटतो, महिन्याचा मेंटेनन्स वाढवावा लागत नाही. गळतीची भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. स्लॅबला भोके न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो; त्या वजनाला आणि वळवाच्या वाऱ्याला इमारत पुरेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग येत्या चार-पाच वर्षांत करायचेच असेल तर ते आधी उरकावे, कारण पॅनेल बसल्यावर त्यांच्याखाली ते करणे म्हणजे अख्खा सांगाडा उतरवून पुन्हा चढवणे. सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या सभेपुढे सामाईक मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिले, गच्चीचा सावली आखलेला नकाशा आणि किमान तीन दरपत्रके ठेवावीत. दरपत्रकांत पॅनेलची आणि इन्व्हर्टरची बनावट, हमीची वर्षे, अर्थिंग आणि वीजरोधकाचा खर्च, पाच वर्षांच्या देखभालीची अट आणि वर्षाला किमान किती युनिट मिळतील याची लेखी हमी, एवढे स्पष्ट लिहिलेले असावे. ठराव सप्टेंबरात झाला आणि काम पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात लागले, तर नोव्हेंबरपासूनचे निरभ्र पाच महिने पहिल्याच वर्षी पदरात पडतात. सामाईक मीटरचा वापर बारा महिने सारखाच असल्याने त्यातले एकही युनिट ३१ मार्चला वाया जात नाही.